ठिणगीआधीचे ‘इंधन’

हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. २०२५ मध्ये तिला साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने काटोलात काही कार्यक्रम व्हावा, असे आम्ही दोघा-तिघांना सुचवून पाहिले. कार्यक्रम झाला नाही. त्याचे आम्हाला फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते नकार देणाऱ्यांच्या कारणांचे. मोहल्ल्यातील एक बुजुर्ग, ज्यांच्या शब्दाला जमातीत मान आहे, म्हणाले, “वो अपना आदमी नहीं था बेटा. उसका नाम लेकर क्यों लोगों को नाराज करते हो?” बाजारपेठेतील आमचे एक जुने स्नेही, मराठीचे निवृत्त शिक्षक, त्यांनी मात्र आनंदाने मान डोलावली. “लय मोठा माणूस भाऊ. तुमच्यात असे अजून चार-दोन पाहिजे होते,” असे म्हणून त्यांनी चहा मागवला. आम्ही दोघांनाही एकच प्रश्न विचारला : ‘इंधन’ वाचली आहे का? दोघांनीही वाचलेली नव्हती.

न वाचताच एकाने लेखक नाकारला आणि न वाचताच दुसऱ्याने त्याला डोक्यावर घेतले. पूर्वग्रह या शब्दाची याहून साधी व्याख्या आमच्याजवळ नाही. माणूस वाचण्याआधी त्याच्या वेष्टनावरून निकाल द्यायचा. योगायोग असा, की ज्या पुस्तकाच्या वाट्याला हे आले ते पुस्तकच मुळी गावातल्या पूर्वग्रहांविषयी आहे.

दलवाईंचा जन्म १९३२ चा, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ चा. नंतर १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध विधान भवनावर काढलेला मोर्चा, १९७० साली पुण्यात स्थापन केलेले मुस्लिम सत्यशोधक मंडळ, आणि १९७७ साली चव्वेचाळीसाव्या वर्षी आलेला मृत्यू. दफन नको, दहन करावे, असे त्यांनी लिहून ठेवले होते. या शेवटच्या गोष्टीने आपल्या समाजाचे मन त्यांच्यापासून जे तुटले, ते आजही सांधलेले नाही. एका बैठकीतील तलाक सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अवैध ठरवला तेव्हा दलवाईंच्या नावाची उजळणी झाली, पण ती कार्यकर्त्या दलवाईंची. कथाकार दलवाई त्याही वेळी कपाटातच राहिले. दिलीप चित्रे यांनी केलेला ‘इंधन’चा इंग्रजी अनुवाद २००२ मध्ये आला, त्यामुळे परप्रांतातील काही वाचकांना ही कादंबरी ठाऊक आहे. आमच्या तालुक्यात ती शोधायला आम्हाला चार महिने लागले.

कादंबरीतील गाव कोकणातले आहे. अनेक वर्षे गावाबाहेर काढलेला निवेदक हृदयविकाराच्या दुखण्यानंतर विश्रांतीसाठी घरी परततो. तो स्वतः मुसलमान आहे, पण धर्माच्या चौकटीत राहिलेला नाही. त्यामुळे गावात तो आतलाही आहे आणि बाहेरचाही. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, नवबौद्ध आहेत, वरच्या जातीचे हिंदू आहेत. सगळे एकमेकांच्या उंबऱ्यावर वाढलेले. आणि तरी हळूहळू गाव पेटत जाते. दलवाईंचे मोठेपण ‘हळूहळू’ या एका शब्दात आहे. दंगल ही बाहेरून येणारी टोळधाड नाही, असे ही कादंबरी दाखवते. जमिनीचा जुना वाद, बाईवरून झालेली कुजबूज, कोण कोणापुढे वाकले नाही याचा राग, कोणाच्या मुलाने कोणाला उलट उत्तर दिले याची आठवण – अशी वाळकी लाकडे प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात रचलेली असतात. एरवी ती चुलीच्या कामाची. एखाद्या दिवशी त्यांना धर्माचे नाव मिळते. मग पेटवणारा हात कुणाचा होता, याची चौकशी करण्यात सगळे गुंतून जातात आणि लाकडे कुणी रचली हे विचारायचे राहते.

१७ मार्च २०२५ च्या रात्री आम्हाला या कादंबरीची आठवण झाली. काटोलपासून नागपूर साठेक किलोमीटर. मृग बहाराच्या संत्र्याची तोड चालू होती. त्या दिवशी दुपारी नागपुरात महाल भागात खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी निदर्शने झाली, प्रतीकात्मक कबर जाळली गेली, तीवरच्या कापडावर पवित्र आयती होत्या अशी अफवा पसरली, आणि संध्याकाळनंतर महाल, हंसापुरी भागांत दगडफेक व जाळपोळ झाली. तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. एका जखमी माणसाचा काही दिवसांनी रुग्णालयात मृत्यू झाला. शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. पुढे २४ मार्चला महापालिकेने एका आरोपीच्या घरावर बुलडोझर चालवला आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अशा पाडकामाला स्थगिती दिली.

काटोलात काही झाले नाही. हे आवर्जून नोंदवायला हवे. पण काही न होण्याचेही एक स्वरूप असते. आमच्या ओळखीचा एक बागवान तरुण आहे. झाडावरचा अख्खा बगीचा ठोक भावात घ्यायचा, इसार द्यायचा, बाकी पैसे तोडीनंतर, हा त्याच्या बापजाद्यांपासूनचा व्यवहार. कागद नसतो, शब्द असतो. कास्तकार कुणबी किंवा माळी, व्यापारी बागवान, तोडणीला येणारी माणसे बहुधा बौद्ध वस्तीतली किंवा आदिवासी. त्या आठवड्यात एका कास्तकाराने त्याला फोन करून सांगितले, “भाऊ, आता दोन-चार दिवस बगीच्यात नको येऊ. माझं काही नाही, पण लोक बोलतात.” कास्तकाराच्या मनात वाईट नव्हते, असे तो तरुण स्वतःच म्हणाला. आम्हालाही तसेच वाटते. पण ‘माझं काही नाही, पण लोक’ या वाक्यात ‘इंधन’ची सगळी प्रकरणे मावतात. प्रत्येकाचे काहीच नसते. आणि हे ‘लोक’ कोण, ते कुणालाच सांगता येत नाही.

नागपूरच्या त्या घटनेनंतर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले, की ‘छावा’ चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीच्या लोकांच्या भावना पुन्हा जाग्या झाल्या आहेत. हा चित्रपट शिवाजी सावंत यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला. म्हणजे एका मराठी कादंबरीपासून निघालेली वाट चित्रपटगृहातून रस्त्यावर आली, असे राज्यकर्त्यांच्याच तोंडून आपण ऐकले. साहित्याचा समाजावर परिणाम होत नाही अशी खंत आपले समीक्षक नेहमी व्यक्त करतात. त्यांनी या प्रसंगाचा विचार करायला हरकत नाही.

सावंतांच्या कादंबरीवर सगळे खापर फोडण्याचा आमचा हेतू नाही. संभाजीराजांचे हाल हे इतिहासातले दुःख आहे आणि ते सांगण्याचा हक्क कुणालाही आहे. प्रश्न आहे तो आपल्या ऐतिहासिक कादंबरीने, अगदी हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’च्या काळापासून, घडवलेल्या भाषेचा. ‘यवन’ हा शब्द मूळचा ग्रीकांसाठीचा. मराठीत तो मुसलमानांचा झाला, आणि असा झाला की विजापूरचा सरदार, दिल्लीचा बादशहा आणि गावातला मुलाणी हे तिघेही त्या एकाच शब्दात बसू लागले. औरंगजेबाचे कृत्य औरंगजेबाचे राहिले नाही. ते एका नावाचे झाले. मग तीनशे वर्षांनंतर त्या नावाच्या माणसाकडे हिशेब मागणे सोपे होते.

याचा अनुभव आमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत घेतला आहे. अफजलखानाचा धडा सुरू झाला की वर्गातील चाळीस माना वळायच्या आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलावर येऊन थांबायच्या. तो मुलगा आम्ही होतो. आज वय झाल्यावर कळते, की त्याच प्रसंगात महाराजांबरोबर गेलेल्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. आमच्या वर्गात एक कुलकर्णी होता. त्याच्याकडे कुणी वळून पाहिले नाही, आणि पाहू नये हेच योग्य होते. आमच्याकडेही पाहू नये एवढाच आमचा अर्ज होता. कॉ. गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ या छोट्या पुस्तकात दौलतखान, काझी हैदर, नूरखान बेग ही नावे सामान्य वाचकांपर्यंत पोचवली. त्या पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या हे आम्ही मोजत नाही. शाळेच्या त्या तासाला ती नावे पोचली का, हे मोजतो.

मराठीत दुसरी परंपराही आहे, हे मान्य केले पाहिजे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये मुलाण्याचा बकस आहे, तांबोळ्याची खाला आहे. ‘बनगरवाडी’त मास्तरांच्या सोबतीला आयबू आहे. ही माणसे मायेने लिहिलेली आहेत. त्यांच्यावर ‘यवन’ शब्दाची सावली नाही. आम्ही लहानपणी ती वाचली तेव्हा मराठीच्या घरात आपल्यालाही कोपरा आहे, असे वाटून ऊर भरून आला होता. पण आता पुन्हा वाचताना एक प्रश्न टोचतो. गावाच्या चित्रात हा मुसलमान नेहमी काठाला का उभा असतो? तो भला असतो, कामाला येतो, त्याच्यावर जीव लावता येतो. तो गावाविषयी काय विचार करतो, हे त्याला फारसे कुणी विचारत नाही. खलनायक मुसलमान आणि भला मुसलमान हे दोघेही दुसऱ्याच्या नजरेतून पाहिलेले. माडगूळकरांचा यात दोष काढायचा नाही. त्यांनी जेवढे पाहिले तेवढे प्रामाणिकपणे लिहिले. उरलेले आपण लिहायचे होते.

आमच्या बाजूला या भल्या मुसलमानाचे एक वेगळे रूप आहे. शेजारच्या सावनेर तालुक्यात वाकी आहे. ताजुद्दीन बाबांचे वास्तव्य तिथे काशिनाथ पाटलांच्या जागेत होते. नागपुरात राजे रघुजी भोसल्यांनी त्यांना आपल्या वाड्यात ठेवून घेतले होते. आजही वाकीला जाणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे वेगळे काढता येणार नाही. प्रत्येक सद्भावना मेळाव्यात वाकीचा दाखला दिला जातो. आम्हीही दिला आहे. पण गेल्या काही वर्षांत तो देताना आमची जीभ अडखळते. वाकीला नवस बोलून आलेल्या एका सद्गृहस्थांच्याच घराची एक खोली आमच्या नात्यातल्या मुलीला, नोकरी लागल्यावर, भाड्याने हवी होती. फोनवर भाडे ठरले. नाव सांगितल्यावर खोली ‘कालच गेली’. दर्गा चालतो, भाडेकरू चालत नाही.

असे अनुभव सांगितले की समोरचा म्हणतो, एखाद्या प्रसंगावरून सगळ्यांना दोष देऊ नका. रास्त आहे. म्हणून डॉ. सुखदेव थोरात यांच्या एका अभ्यासाकडे वळावे. थोरात आपल्याच विदर्भाचे, अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे. त्यांनी आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. खासगी कंपन्यांच्या नोकऱ्या. शिक्षण सारखे, फरक फक्त नावात – एक उच्चवर्णीय हिंदू नाव, एक दलित नाव, एक मुसलमान नाव. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत मुसलमान नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण एक-तृतीयांश होती. इथे दंगल नाही, घोषणा नाही. टेबलावरचा एक कागद डावीकडून उजवीकडे सरकवला जातो, बस. त्या कागदाच्या मागे एक घर असते. मुलाला नोकरी लागत नाही, म्हणून धाकट्याची शाळा सुटते, म्हणून तो गॅरेजवर बसतो, म्हणून वस्ती दाटते, म्हणून बँकेचा माणूस त्या वस्तीत कर्ज द्यायला कचरतो, आणि मग लोक म्हणतात, यांना शिकायचेच नसते. न्या. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेल्या अहवालात लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या समाजाचे सनदी सेवेतील प्रमाण ३ टक्के आणि पोलीस सेवेतील ४ टक्के सांगितले होते. त्याच अहवालाने हेही सांगितले, की शाळेत जाण्याच्या वयातील मुसलमान मुलांपैकी जेमतेम ३ टक्केच मदरशात जातात. पहिला आकडा आपल्याला पाठ आहे. दुसरा आकडा आपल्याविषयी बोलणाऱ्यांना पाठ नाही.

आता आमच्या स्वतःच्या साहित्याकडे येऊ. १९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत मराठी आपलीच आहे, हे ठणकावून सांगण्याची ती वेळ होती आणि ते काम त्या पिढीने केले. पुढची दोन दशके दंगली, संशय, अटका यांची होती. आमच्या कवींनी त्यावर लिहिले. ते लिहिणे गरजेचे होते. परंतु आज विशेषांकांचे गठ्ठे चाळताना जाणवते, की आमची कविता बहुतेक वेळा आग लागल्यावर जागी होते. देशभक्तीचा दाखला मागणाऱ्याला उत्तर देण्यात आमची किती पाने खर्ची पडली! आरोप करणाऱ्यानेच आमचा विषय ठरवला. ज्या बागवान तरुणाला फोन आला त्याचे पुढचे चार दिवस कसे गेले, झाडावरच्या फळाचे काय झाले, त्याने घरी बायकोला काय सांगितले – यावर कथा लिहिलेली आम्हाला आढळली नाही. दलवाईंनी १९६५ साली जे केले ते नेमके हेच होते.

आणि दुसरे, जे लिहायला हात कचरतो ते. आमच्याही अंगणात लाकडे आहेत. काटोलसारख्या गावात एका मशिदीत एका सफेत उभे राहणारे लोक सोयरिकीच्या वेळी एकमेकांची बिरादरी विचारतात. खाटीक, पिंजारी, बागवान, फकीर, आणि वर सय्यद-पठाण. आमच्या मोहल्ल्यात एक ठरलेले लग्न, मुलाचे आजोबा कापूस पिंजायचे हे कळल्यावर मोडले. मुलगा अभियंता होता. मोडणाऱ्या घरच्यांनी कारण वेगळे सांगितले, जसे खोलीवाल्याने आम्हाला वेगळे सांगितले होते. तेच वाक्य, तोच गोड स्वर. नव्वदच्या दशकात जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा ‘इस्लाममध्ये जात नाही’ म्हणून तिला विरोध करणारे आपलेच होते. इस्लाममध्ये नाही हे खरे आहे. मुसलमानांत आहे. शिवाय उर्दूत लिहिणारा शायर आणि मराठीत लिहिणारा तो ‘बिचारा’, हाही एक भेद आहे, पण त्यावर आम्ही बोललो तर ते स्वतःच्या दुखण्यावर बोलल्यासारखे होईल, म्हणून सोडून देतो.

या बाबतीत आमच्या स्त्रिया अधिक धीट निघाल्या. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ आणि रझिया पटेल यांचे ‘चाहूल’ ही पुस्तके बाहेरच्यांशी आणि आतल्यांशी एकाच वेळी बोलतात. जळगावात मुस्लिम स्त्रियांवर घातलेल्या सिनेमाबंदीविरुद्ध रझियाताई उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याकडे पाठ फिरवणारे परके नव्हते. पुरुष लेखकांनी हा आतला कोपरा त्यांच्यावरच सोपवून दिला, असे आमचे मत आहे.

दलवाईंविषयीही एक गोष्ट स्पष्ट म्हणावी लागेल. त्यांच्या राजकीय लेखनात मुस्लिम नेतृत्वाच्या चुकांची झाडाझडती आहे, आणि ती बरीचशी खरी आहे. पण रोजच्या भेदभावाचे वजन त्या लेखनात आम्हाला कमी भरते. नोकरी, घर, पोलीस चौकी यांतून माणूस कसा परत मोहल्ल्यात ढकलला जातो आणि तिथे त्याची वाट पाहत कोण बसलेले असते, याचा धागा त्या निबंधांत पुरेसा येत नाही. कादंबरीत मात्र तो येतो. ‘इंधन’चा निवेदक न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसत नाही, तो त्याच गावचा आहे आणि गावाच्या दोषात त्याचाही वाटा आहे. विचारवंत दलवाईंपेक्षा कादंबरीकार दलवाई अधिक न्यायी आहेत. म्हणूनच त्यांच्यावर रागावलेल्या आमच्या बुजुर्गांनी आणि त्यांचे कौतुक करणाऱ्या आमच्या शिक्षक मित्रांनी निबंध थोडे बाजूला ठेवून ही कादंबरी आधी वाचावी, असा आमचा आग्रह होता आणि आहे. पहिल्यांना कळेल की हा माणूस आपल्या घरातलेच बोलतो आहे. दुसऱ्यांना कळेल की तो त्यांच्याही घरातले बोलतो आहे.

शिक्षक मित्रांना आम्ही आमची प्रत दिली. पंधरा दिवसांनी त्यांनी ती परत केली. चहा मागवला, पण बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “यातले आमचे लोकही ओळखीचे निघाले.” बुजुर्गांनी पुस्तक घेतले नाही, मात्र त्यांच्या नातवाने ते मागून नेले, वर्तमानपत्राचे कव्हर घालून. सध्या ते बागवान तरुणाकडे आहे. आंबिया बहाराची तोड संपली की वाचतो म्हणाला आहे. त्या कास्तकाराचा बगीचा यंदाही त्यानेच घेतला आहे. इसार दिला आहे, आणि यावेळी, पहिल्यांदाच, कागदावर सही घेतली आहे.